नाव न घेतलेला नाला

चामोर्शीच्या आठवडी बाजारात अजीम मनियारला ओळखत नाही अशी बाई सापडायची नाही, आणि पुरुषांना त्याची फारशी गरज पडायची नाही. बांगड्यांचा धंदा. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली दुकान, बाकीचे दिवस सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून गावोगाव. सायकल तरी कसली, नावाला सायकल! अर्ध्या वाटेला ती याच्या खांद्यावर आणि हा पाण्यात, कारण वैनगंगेच्या त्या काठाला गावं कमी आणि नाले जास्त. काचेचा माल डोक्यावर घेऊन छातीभर पाणी ओलांडणं म्हणजे काही थट्टा नव्हे. आपली एकही बांगडी पाण्यात फुटली नाही असं अजीम सांगायचा. सांगणाराही तोच आणि साक्षीदारही तोच, मग खरंखोटं कोण करणार?

असा हा माणूस नदीनाल्यांचे नकाशे काढायच्या नादी लागला. हौसेनं लागला, पदरचं खाऊन लागला, आणि शेवटी ज्या एका घरासाठी त्याचा जीव तुटत होता त्याच घराचं वाटोळं करून बसला. आजही सांगताना चडफड होते.

झालं असं की गडचिरोलीला हरिदास सर म्हणून भूगोलाचे एक मास्तर होते. त्यांनी चारदोन माणसं जमवून एक मंडळ काढलं. काम एकच, सरकारी नकाशा घेऊन फिरायचं आणि कागदावरचं पाणी जमिनीवरच्या पाण्याशी जुळतं का ते बघायचं. नकाशा बाबा आदमच्या काळचा. त्यानंतर नाल्यांनी किती वेळा कूस बदलली, कुठे नवी वाट फोडली, त्याला काय ठाऊक! नव्व्याण्णव साली दिवाळीनंतरच्या एका बाजारात सरांनी चिंचेखाली तो नकाशा पसरला, वारा उडवू नये म्हणून कोपऱ्यांवर गोटे ठेवले आणि येईल त्याला विचारू लागले. अजीमनं दुकानातूनच मान लांब केली.

"सर, इथी नाला दाखवला न, इथी मी सायकल चालवत जातो. धूळ उडते धूळ! आन हे कोरं दाखवलं, इथी दरसाल मले पाणी वढून नेते."

"मग तुम्हीच दाखवा की," सर म्हणाले. "चला आमच्यासोबत."

झालं, अजीम चढला हरभऱ्याच्या झाडावर. घरी त्याची बायको शमसुन्निसा कपाळाला हात लावून म्हणाली, "घर के सामने की नाली तुंबेली है, और ये चले नदी नापने!" तो नुसता हसला. चौथीत शाळा सुटलेला माणूस. तुझ्या पायपिटीचा काही उपयोग आहे असं जन्मात पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं, तो हसणार नाही तर काय करणार?

सरांनी मंडळातल्या सगळ्यांना तीन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. लोक जे नाव सांगतील तेच लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही. एकाच्या सांगण्यावर जायचं नाही, दुसऱ्यालाही विचारायचं. आणि कागद पुढे पाठवण्याआधी तो त्या गावात नेऊन सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. अजीमनं तिन्ही गोष्टी पाठ केल्या. पहिल्या दोन तो शेवटपर्यंत इमानानं पाळत राहिला, हेच तर दुखणं आहे.

आता मुरमाटोल्याची गोष्ट. हा धिवरांचा टोला, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची वीसपंचवीस घरांची वस्ती. शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिकायचं तर आंबेझरीला जायचं, आणि आंबेझरी नाल्याच्या पलीकडे. सरकारी नकाशात टोला आणि आंबेझरी यांच्यामध्ये नाला नव्हताच. पूर्वी खरंच तो टोल्याच्या मागून वळसा घालून जायचा. एका वर्षी मोठा पूर आला, काठ फुटला आणि नाल्यानं सरळ शाळेची वाटच कापली. तेव्हापासून पावसाळा लागला की टोल्यातल्या पोरांची शाळा बंद. पाणी कमरेएवढं दिसायचं, पण ओढ अशी की डोंगा लावायचीही सोय नाही. पोरं काठावर दप्तर घेऊन बसायची, मग आठ दिवसांनी दप्तर घरी ठेवायची, मग बकऱ्या घेऊन जायची.

या टोल्यात कुंता होती. नवरा सोमाजी वैनगंगेवर जाळं टाकायचा, कुंता मासे घेऊन बाजारात बसायची, ती अजीमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. दोघांची जुनी ओळख. ती त्याला भाऊ म्हणायची आणि तिची पोरगी रीता मामा म्हणायची. ही रीता म्हणजे कुंताचा जीव की प्राण. आठवीत होती. टोल्यातली एकही पोरगी दहावी झाली नव्हती, आणि कुंताच्या डोक्यानं घेतलं होतं की ही होणार. दहावी होईल, मग नर्सबाई होईल, पांढरी साडी नेसेल. सोमाजी म्हणायचा, "नाला तिले जाऊ देईल तवा न!" त्यावर कुंता त्याच्याकडे असं बघायची की तो जाळं विणायला घ्यायचा.

नकाशाचं कळलं तशी कुंतानं मासे विकणं सोडून अजीमला गाठलं.

"भाऊ, बाकीचं मागून करा. पयले आमचा नाला काढा. कागदावर आला तर सरकार रपटा बांधीन, आन रपटा झाला तर माही पोट्टी दहावी होईन. दुसरं मले काई नाई पाह्यजे."

रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल. एवढं सरळ मागणं. अजीमनं छातीवर हात ठेवून कबूल केलं. पुढच्याच आठवड्यात तो टोल्यावर गेला. पुराची खूण कुठवर, वाळू कुठे साचते, काठ कुठे खचतो, सगळं पायांनी फिरून पाहिलं, पळसाच्या बुंध्यावर गाळाचा वण होता तोही मोजला. मग नाव विचारायला घाटावर आला. पुरुष सगळे वैनगंगेवर गेलेले. घाटावर बायाच होत्या. कुंता होती, तिची जाऊ बायनाबाई होती, आणखी चारपाच जणी कपडे आपटत होत्या.

अजीमला स्वतःला त्या नाल्याचं नाव माहीत नव्हतं बरं का! तो आपला मुरमाटोल्याचा नाला म्हणायचा, जसं जो तो आपल्या गावाहून म्हणतो.

"कुंताबाई, नाव सांगा नाल्याचं. नीट सांगा, सरकारात जाते ते."

कुंतानं पदराचं टोक तोंडात धरलं. बायका खिदळल्या. एकीनं दुसरीला कोपर मारलं.

"सांग न वं, सांग!" बायनाबाई म्हणाली आणि स्वतःच लाजून पाण्यात बघायला लागली.

"महादेवाचा नाला," कुंता म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

अजीमला वाटलं, चेष्टा चालली आहे आपली. बांगडीवाल्याची चेष्टा बाया करायच्याच, त्याला त्याची सवय होती. तोही हसला. पण नियम म्हणजे नियम. त्यानं बायनाबाईला विचारलं, "तुमी सांगा, काय नाव?"

"थेच. महादेवाचा."

तिसरीला विचारलं. तीही म्हणाली महादेवाचाच. तिघींचं एकमत! अजीमनं खूश होऊन कागदावर लिहिलं: महादेव नाला.

आता हसावं की रडावं? आयुष्यभर ज्यानं बायकांच्या हातात बांगड्या भरल्या, नवऱ्याचं नाव घ्यायला सांगितलं की बाई पदर तोंडात धरते हे ज्यानं हजारदा पाहिलं, त्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडू नये? त्या नाल्याचं नाव सोमनाला. आणि कुंताच्या नवऱ्याचं नाव सोमाजी. ती कशी तोंडातून काढणार! सोमवारला ती महादेवाचा वार म्हणायची, तसा सोमनाला म्हणजे महादेवाचा नाला. बायनाबाईचा तो भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ, त्याचं नाव तर त्याहून नाही घ्यायचं. तिसरीचाही चुलत भासराच. टोला एकाच घराण्याचा. घाटावर जेवढ्या बाया होत्या त्या सगळ्या सुना, आणि एकीलाही ते नाव घेणं शक्य नव्हतं. दोघांना विचारा म्हणे! दहाजणींना विचारलं असतं तरी उत्तर तेच आलं असतं.

वाचून दाखवायचा नियम तेवढ्यासाठीच तर होता. कागद टोल्यात वाचला असता तर रीतानं, नाहीतर एखाद्या म्हाताऱ्यानं, तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण महाशिवरात्र तोंडावर आली. मार्कंड्याच्या जत्रेत अजीमचं दुकान लागायचं, वर्षाचा अर्धा धंदा त्या जत्रेत. त्यात सरांचा निरोप आला की जिल्ह्याची बैठक आहे, कागद लगेच पाहिजेत. अजीम मनाशी म्हणाला, तिघींनी एकच नाव सांगितलं, आणखी काय वाचायचं? आणि कागद पाठवून दिला.

कागद सरकारात गेला. वर्ष उलटलं. रीता नववी झाली. पावसाळ्यात कितीतरी शाळा बुडली, तरी झाली, एवढी हुशार पोरगी! पण दहावीचं वर्ष असं काढता येणार नाही हे कुंताला कळत होतं. म्हणून तिनं सावली गावाला आपल्या भावाकडे रीताला ठेवायचं ठरवलं. वहिनी जरा नाक मुरडत होती, पण कुंतानं हातापाया पडून कबूल करून घेतलं. तिथल्या शाळेशीही बोलणं झालं.

अशात एक दिवस हरिदास सर बाजारात आले आणि म्हणाले, "अजीमभाऊ, तुमच्या महादेव नाल्याचा रपटा मंजूर झाला. यंदा उन्हाळ्यात काम."

अजीमनं दुकान तसंच शेजाऱ्याच्या भरवशावर टाकलं. सायकल मारत टोल्यावर पोचला. धापा टाकत अंगणात शिरला आणि ओरडला, "कुंताबाई, झाला रपटा! पोरगी घरूनच जाईन आता शाळेत!"

कुंता आधी रडली, मग हसली, मग तिनं त्याच्या हातावर गूळ ठेवला. रीताच्या हातात अजीमनं पेटीतल्या सगळ्यात भारी बांगड्या भरल्या, लाल, सोनेरी काठाच्या. सोमाजीनंसुद्धा मान हलवली. आणि त्याच संध्याकाळी कुंतानं सावलीला निरोप धाडला की पोरीला नाही पाठवत. "दुसऱ्याच्या दारात काऊन ठेवू? दारातच रपटा होऊन राह्यला न आमच्या!"

हे अजीमच्या समोर झालं. तो गूळ खात होता.

उन्हाळा सरत आला तरी टोल्याकडे गिट्टीची गाडी फिरकेना. कुंता रोज काठावर जाऊन बघून यायची. अजीम म्हणायचा, येतील, सरकारी काम आहे. शेवटी एका गावी बांगड्या भरताना एक बाई सहज म्हणाली की महादेवाच्या देवळापाशी रपटा होऊन राह्यला, मोठं मशीन आलं. अजीमचा हात तिथेच थांबला.

तो सायकल घेऊन तिकडे गेला. खाली चारपाच मैलांवर महादेवाचं एक लहानसं देऊळ आहे, त्याच्या बाजूनं एक नाला जातो. सरकारी नकाशात त्याचं नाव महादेव नाला. भर पावसाळ्यात त्यात पोटरीएवढं पाणी. पलीकडे जंगल, शाळा नाही, गाव नाही. आणि त्या नाल्यावर छान रुंद, पांढराशुभ्र रपटा उभा राहत होता. मजूर त्यावर पाणी मारत होते.

तिथे एक साहेब खुर्ची टाकून बसले होते. स्वभावानं वाईट नव्हते, त्यांनी अजीमला पाणी दिलं. म्हणाले, "अहो, तुमच्या मंडळाच्याच कागदावरून केलं. नाव महादेव नाला. आमच्या नकाशात महादेव नाला एकच, तो हा. तुम्ही खूण वर टोल्याजवळ केली होती, पण हातानं काढलेल्या नकाशात खूण इकडेतिकडे होतेच. नाव तर चुकत नाही ना?"

साहेबांचं बोलणं खोडायला जागाच नव्हती. तिथून तो थेट टोल्यावर गेला. कुंताला म्हणाला, "बाई, खरं सांगा. नाल्याचं नाव काय?"

कुंतानं पदराचं टोक पुन्हा तोंडात धरलं. बायनाबाईनं तोंड फिरवलं. कुंताची म्हातारी सासू रुखमाबाई ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तिला काय लाज, पोटचा पोरगा तो! ती तिथूनच म्हणाली, "सोमनाला हाय बाप्पा. नाल्याच्या काठी जनमला म्हून पोराचं नाव सोमा ठेवलं मी."

कुंतानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिला आणि अजीमला एकदमच कळलं होतं, आणि दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

मग धावपळ झाली, नाही असं नाही. हरिदास सरांनी अर्ज केले, अजीमला घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. उत्तर मिळालं की त्या भागाला एक रपटा नुकताच दिला, दुसरा काही वर्षांनी बघू. सावलीच्या वहिनीला कुंतानं पुन्हा विचारलं. ती म्हणाली, आता आमच्याकडे माझ्या माहेरची पोरगी आली, जागा नाही. कुंतानं एकदा नाही म्हटलेलं होतं, तिलाही आयतंच निमित्त मिळालं.

पाऊस त्या वर्षी जोरात लागला. नाला भरला तो पोळा उलटला तरी उतरेना. रीता रोज सकाळी युनिफॉर्म घालून काठावर जायची, पलीकडून शाळेची घंटा ऐकू यायची, आणि ती परत यायची. अजीमनं काय नाही केलं! चामोर्शीहून जुनी पुस्तकं आणली, आंबेझरीच्या मास्तरांकडून प्रश्न लिहून आणून दिले, एकदा तर तिला सायकलसारखं खांद्यावर घेऊन पाण्यात उतरला आणि दोघंही वाहून जाता जाता वाचले. सोमाजीनं तेव्हा त्याची गचांडी धरली. "माह्या पोट्टीले मारतं का आता?" म्हणाला. अजीमनं धरू दिली. त्याला वाटलं, दोन थोबाडीत पण मार बाबा.

रीता दहावीला गणितात आणि इंग्रजीत नापास झाली. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं म्हणत होती, पण फॉर्म भरायच्या दिवसांत नाला चढलेला होता. पुढल्या वर्षी सोमाजी म्हणाला, पुरे. अठरावं लागलं आणि स्थळ आलं. मुलगा धान गिरणीवर कामाला होता, बरा होता. कुंता त्यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

तोवर अजीमनं मंडळाचं काम सोडलं होतं. सर दोनदा घरी आले. म्हणाले, चूक तुमची एकट्याची नाही, माझ्या नियमांचीही आहे. अजीमनं चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. शमसुन्निसा आता नदीवरून एकही टोमणा मारीत नव्हती. त्याला तेही सोसवत नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायला कुंतानं अजीमलाच बोलावलं. त्याला वाटलं होतं, दुसऱ्याला बोलावतील. निरोप आला तेव्हा तो जात नाही म्हणत होता, पण बायकोनं पेटी काढून सायकलला बांधून दिली.

अंगणात मांडव होता. बायका गोळा झाल्या होत्या. रीता पाटावर बसली, अजीमनं तिचा हात हातात घेतला आणि एकेक हिरवी बांगडी चढवू लागला. पोरीचा हात थंडगार. ती त्याच्याकडे बघून हसली, म्हणाली, "मामा, दुखत नाई, चढवा." तिच्या हसण्यानंच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली मान घालून तो म्हणाला, "माफ कर मा. मी वाचून दाखवलं असतं त..."

"तुमी काऊन माफी मागता?" कुंता मागून म्हणाली. तिचा आवाज असा होता की बायकांची कुजबूज थांबली. "तुमी इचारलं होतं. तिघींले इचारलं. तोंड मले होतं न?"

"जाऊ दे न बाई," बायनाबाई तिचा हात धरू लागली.

कुंतानं तो झटकला. डोक्यावरचा पदर तसाच, पण चेहरा सरळ. "काय होत होतं त्या दिवशी म्हणली असती त? आभाळ पडत होतं? सोमाजी! सोमाजी, सोमाजी, सोमाजी! घ्या, म्हणलं. पडलं का काई?"

बायका हबकल्या. म्हातारी रुखमाबाई कानावर हात ठेवून बसली. मांडवाच्या पलीकडे सोमाजी बल्ल्या बांधत होता. वीस वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो गोंधळून दोरी हातात तशीच घेऊन आला.

"काय झालं? मले आवाज दिला का?"

"तुमाले नाई दिला," कुंता म्हणाली. "नाल्याचं नाव सांगून राह्यली मी. भाऊ, आता लिवून घ्या."

अजीमच्या दोन्ही हातांत रीताचा हात होता. तो काहीच लिहू शकला नाही.